कमी पाण्यात गालिचा धुताना: ब्रश, एन्कॅप आणि पॅड यांची सांगड

पणजीतल्या एका हॉटेलच्या हाउसकीपिंग विभागाचा प्रश्न थोडक्यात असा: बँक्वेट हॉल आणि कॉरिडॉर मिळून सुमारे २०० चौरस मीटर गालिचा आहे. हॉलमध्ये लोकर-नायलॉन मिश्र, कापलेल्या लवेचा (लव म्हणजे वर उभे असलेले धागे). कॉरिडॉरमध्ये नायलॉनच्या लूप टाइल्स, म्हणजे न कापलेल्या, वेटोळ्या धाग्यांचे गालिच्याचे चौकोनी तुकडे. महिन्यातून एकदा सिंगल डिस्क मशीनला (एकाच गोल फिरत्या तबकडीचं मशीन) बॉनेट, म्हणजे मळ शोषणारा गोल कापडी पॅड, लावून शॅम्पू मारतात. दोन-चार दिवस छान दिसतं, मग दारापासून लिफ्टपर्यंतचा पट्टा पुन्हा काळपट-तांबूस होतो. पाण्याने एक्स्ट्रॅक्शन केलं, म्हणजे पाणी मारून मळासकट परत ओढून घेतलं, तर पावसाळ्यात वाळत नाही आणि कुबट वास सुटतो. एन्कॅप (एन्कॅप्सुलेशन, म्हणजे मळ कणांत बंद करणारं द्रावण) आणि बॉनेट एकत्र करता येईल का, आणि कसं?

करता येईल, आणि तुमच्या जागेसाठी तोच मार्ग योग्य आहे. पण दोन्ही रसायनं एका बादलीत ओतणं म्हणजे एकत्र करणं नव्हे. कमी पाण्याची प्रत्येक पद्धत एकच काम नीट करते. व्हॅक्यूम सुकी माती काढतो. उलटसुलट फिरणाऱ्या दोन दंडगोल ब्रशांचं मशीन, म्हणजे सीआरबी, लव उभी करून तळाची रेती वर आणतं. एन्कॅप द्रावण तेलकट थर सोडवतं, आणि त्यातला पॉलिमर सुटलेला मळ वाळताना ठिसूळ कणात बंद करतो. पॅड किंवा बॉनेट तो मळ प्रत्यक्ष उचलून बाहेर नेतो. ही कामं याच क्रमाने झाली तर गालिचा स्वच्छ होतो. क्रम उलटला तर प्रत्येक टप्पा पुढच्याचं काम वाढवतो.

आत्ता तुमच्याकडे काय होतंय ते आधी पाहू. बॉनेट फक्त लवेच्या टोकांवरून फिरतो. व्हॅक्यूम वरवरचा झाला असेल तर तळाची बारीक माती शॅम्पूच्या पाण्यात भिजून चिखल होते. त्यातली थोडी पॅडवर येते, उरलेली बुडाशी बसते. साध्या शॅम्पूचा अंश वाळल्यावरही चिकट राहतो, म्हणून पुढच्या चार दिवसांत बुटांखालची धूळ त्यालाच धरून बसते. शिवाय मिनिटाला १५० ते १७५ फेऱ्या घेणारी डिस्क कापलेल्या लवेवर फिरली की धाग्यांचा पीळ सुटतो आणि गोल-गोल खुणा उमटतात. या कारणासाठी अनेक गालिचा-उत्पादक कापलेल्या लवेवर फिरत्या बॉनेटला परवानगी देत नाहीत. हॉलमध्ये तो बंदच करा. कॉरिडॉरच्या लूप टाइल्सवर चालेल.

गोव्यातल्या मळाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. परदेशी मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिका कोरड्या हवेच्या आणि ऑफिसच्या धुळीच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. इथे तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, तांबडी माती. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. कण फार बारीक, आणि सुकी असताना ती व्हॅक्यूमला सहज येते. ओली केली की रंगासारखी पसरते आणि धाग्याच्या मुळाशी जाऊन बसते. तिच्यावर आधी पाणी घालणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. डिचोली, सत्तरी, सांगे, कुडचडे या खाणपट्ट्यातल्या सभागृहांना तर हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा लागेल. पावसात कोणी चिखलाचे पाय घेऊन आत आलं, तर डाग तिथल्या तिथे पुसू नका. पूर्ण वाळू द्या, बोथट पट्टीने खरवडा, व्हॅक्यूम करा, मगच द्रावणाकडे वळा.

दुसरी, किनाऱ्याची रेती आणि तिच्यासोबतचं मीठ. मिरामार, दोनापावला, कळंगुट पट्ट्यातल्या लॉबींत हे हमखास सापडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणून धुऊन वाळलेला पट्टा पावसाळी सकाळी पुन्हा ओलसर आणि गडद दिसतो, आणि लोक समजतात की एन्कॅप फसलं. एन्कॅपचा पॉलिमर मीठ बंद करत नाही. मीठ पाण्यातच विरघळवून पॅडने शोषून काढावं लागतं. पॅडचा टप्पा गाळून फक्त फवारणी आणि ब्रश करणाऱ्यांचं काम किनाऱ्याजवळ टिकत नाही, ते यामुळे.

तिसरी, तेल. यात खोबरेल सगळ्यात फसवं. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. एसी हॉल २२ अंशांवर चालत असेल तर सांडलेल्या जेवणातलं खोबरेल गालिच्यात मेणासारखं बसलेलं असतं आणि नळाच्या थंड द्रावणाने हलत नाही. द्रावण कोमट लागतं: नायलॉनसाठी ४५ ते ५० अंश, लोकरीसाठी ४० च्या आत. सनस्क्रीनचा प्रश्न वेगळा आहे. काही सनस्क्रीनमधला अव्होबेन्झोन लोहाशी संयोग पावून गंजासारखा नारिंगी डाग देतो. चिऱ्याची माती किंवा लोह असलेलं विहिरीचं पाणी असेल तर लोह शोधायला लांब जावं लागत नाही. त्या डागावर क्लोरीन ब्लीच घातलं तर तो आणखी पक्का होतो. द्रावण बनवायला नळाचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी वापरा. ओपा केंद्राचं पाणी असेल तर काळजी नाही. विहिरीचं पाणी रात्रभर बादलीत ठेवल्यावर तळाशी तांबूस साका दिसला तर ते या कामाला नको.

धागा कोणता हे एकदाच नक्की करून नोंदवून ठेवा. कडेच्या दडलेल्या भागातला एक तुकडा कापून पाण्यात टाका: तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, बुडाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लोकर. बुडालेल्याचा दुसरा तुकडा बाहेर नेऊन चिमट्यात धरून जाळला की केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला म्हणजे कृत्रिम धागा. लोकरीसाठी द्रावणाचा पीएच ५.५ ते ८ च्या दरम्यान हवा. पॉलिप्रोपिलीन पाणी पीत नाही पण तेल धरून ठेवतं, त्यामुळे त्याला पॅडची दुसरी फेरी जवळजवळ नेहमीच लागते. ज्यूट, काथ्या किंवा सुती पाठीचे, हाताने विणलेले गालिचे या पद्धतीत घेऊ नका. वनस्पतीजन्य धागा ओला होऊन सावकाश वाळला की तपकिरी होतो.

आता प्रत्यक्ष काम.

सुरुवात कोरड्या सीआरबीने. ब्रश फक्त लवेत शिरेल इतका खाली, पाठीला घासेल इतका नाही. वाटेच्या पट्ट्यावर आधी लांबीने, मग आडवं. बाजूच्या ट्रेमध्ये जमणारे केस, धागे आणि रेती पाहिली की आतापर्यंतचा व्हॅक्यूम किती वरवरचा होता ते कळतं. हॉलच्या लोकर मिश्र लवेला मऊ ब्रश, टाइल्सना मध्यम. कडक ब्रश लोकरीवर वापरलात तर पृष्ठभागावर कायमचे तंतू उठतात. ब्रशच्या टोकांच्या बेअरिंगजवळ केस गुंडाळले जातात, ते दर वापरानंतर कात्रीने काढा. नाहीतर बेअरिंग तापून जातं.

लगेच त्यावर फिरत्या ब्रशचा अपराइट (उभा ढकलायचा) व्हॅक्यूम. वाटेच्या पट्ट्यावर एका जागी पुढे-मागे चार ते सहा फेऱ्या, संथ चालीने. इतर ठिकाणी दोन पुरेत. पिशवी दोन तृतीयांश भरली की बदला, भरलेल्या पिशवीने ओढ कमी होते. नुसत्या नळीच्या व्हॅक्यूमने हे काम होत नाही. एकूण वेळेपैकी निम्मा वेळ या कोरड्या भागात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. सुपरवायझरला इथे हाताखालच्यांच्या मागे लागावं लागतं, कारण ओल्या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसतो आणि कोरड्याचा दिसत नाही.

मग डाग. सगळीकडे फवारणी करण्याआधी तेलाचे, मसाल्याचे डाग वेगळे हाताळा. हळदीवर क्षारीय द्रावण पडलं की ती लालभडक होते. हुमणाचा किंवा शाकुतीचा, म्हणजे हळद घातलेल्या गोव्याच्या रश्शाचा, डाग दिसला की प्रथम उदासीन डिटर्जंट आणि कोमट पाणी, पांढऱ्या फडक्याने टिपून. लाल झालाच असेल तर पातळ पांढरं व्हिनेगर टिपल्यावर पिवळा परत येतो, आणि त्या उरलेल्या पिवळ्याला कडेला रंग तपासून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. तांबड्या मातीचा रंग उरला तर ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण हातमोजे घालून, छोट्या जागेत, आणि नंतर साध्या पाण्याच्या पॅडने दोनदा काढून. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली गंज काढणारी औषधं बाजारात मिळतात. ती हॉटेलच्या आवारातसुद्धा ठेवू नका. त्वचेतून आत शिरून ती हाडापर्यंत इजा करतात.

फवारणीचं प्रमाण हा सगळ्या पद्धतीचा कणा आहे. तयार द्रावण चौरस मीटरला ८० ते १२० मिली. तुमच्या २०० चौरस मीटरला साधारण २० लिटर. यातलं दोन तृतीयांश पहिल्या फवारणीत, एक तृतीयांश पॅडच्या आधीच्या हलक्या तुषारात. पाणी मिसळण्याचं प्रमाण बाटलीवरचंच, मोजपात्राने. बाटलीवर १:३० असेल तर १० लिटर पाण्याला सुमारे ३३० मिली. "जरा जास्त घाला, स्वच्छ निघेल" हा सल्ला इथे चालत नाही. गडद द्रावणात डिटर्जंटचा अंश वाढतो, वाळल्यावर चिकट राहतो, आणि तुमची जुनी तक्रार नव्या बाटलीतून परत येते.

एकावेळी १० ते १५ चौरस मीटरच फवारा. ५ ते ८ मिनिटं राहू द्या. एसीचा झोत थेट खाली येत असेल तर तेवढ्यात कडा वाळू लागतात. तिथे भाग आणखी लहान घ्या. वाळलेल्या फवारणीवर ब्रश फिरवला तर काही निघत नाही, फक्त पट्टे उमटतात. दाराजवळच्या चार-पाच मीटरना थोडं जास्त द्रावण द्या, हॉलच्या मध्यभागी आणि खुर्च्यांखाली कमी. सगळीकडे सारखं द्रावण मारणं म्हणजे स्वच्छ जागा उगाच भिजवणं.

त्यावर ओला सीआरबी, दोन दिशांनी. याने द्रावण लवेच्या मुळापर्यंत पोहोचतं, आणि ते बॉनेटला एकट्याला कधीच जमत नाही. फेस झाला तर द्रावण गडद आहे किंवा जुना शॅम्पू सुटतोय. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तुमच्याकडे जुन्या शॅम्पूचा फेस येणारच. तेव्हा एन्कॅप आणखी न घालता साध्या पाण्याने ओलसर केलेला पॅड जास्त वेळा फिरवा.

नंतर पॅड. हॉलसाठी ऑर्बिटल मशीन, म्हणजे गोल न फिरता बारीक थरथरणारं. ते नसेल तर सीआरबीनंतर लांब दांड्याच्या सपाट मॉपवर सुती किंवा मायक्रोफायबर पॅड लावून हाताने ओढा. थोडं जास्त कष्टाचं आहे, पण धाग्याचा पीळ शाबूत राहतो. कॉरिडॉरच्या टाइल्सवर तुमचं सिंगल डिस्क चालेल. पॅड पिळून ओलसर, ठिबकणारा नको. एक बाजू १० ते १२ चौरस मीटरला पुरते, मग उलटा, मग बदला. तेलकट पट्ट्यावर त्याच्या निम्म्यात. २०० चौरस मीटरला आठ ते दहा पॅड लागतील, बारा जवळ ठेवा. मळका पॅड पुढे रेटणं म्हणजे दारातला मळ लिफ्टपाशी नेऊन ठेवणं, आणि बहुतेक ठिकाणी बचतीच्या नावाखाली हेच चालतं. किनाऱ्याजवळच्या दारापाशी मिठासाठी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला वेगळा पॅड दोनदा. शेवटी लव एका दिशेने ब्रशने झाडून घ्या, वाळल्यावर एकसारखी दिसते.

ओल तपासायची पद्धत सोपी आहे. पॅड फिरून गेल्यावर पांढरा टिश्यू दुमडून टाचेखाली दहा सेकंद दाबा. दमट झाला तर ठीक, चिंब झाला तर द्रावण जास्त पडलंय. कोरडा पॅड आणखी एकदा फिरवा. टाइल्सच्या सांध्यात पाणी उतरलं तर गोंद सुटतो आणि कोपरे वर येतात, आणि मग हाउसकीपिंगचं काम मेंटेनन्सच्या गळ्यात पडतं.

वाळवण्यात आपल्याकडे एक चूक पिढीजात आहे: काम झालं की खिडक्या उघडणं. जुलैत बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. खिडक्या बंद, एसी चालू, शक्य तर ड्राय मोडवर, आणि जमिनीलगत हवा मारणारे पंखे दोन-तीन. एक ते दोन तासांत हाताला कोरडं लागलं पाहिजे. बँक्वेट संपल्यावर रात्री एक वाजता धुऊन, एसी बंद करून घरी जाणं म्हणजे सकाळी कुबट वासाची हमी. वीज राहण्याचा भरवसा नसेल आणि जनरेटरवर एसी चालत नसेल, तर त्या दिवशी ओलं काम काढूच नका. त्याऐवजी कोरडं कंपाउंड घ्या: ओलसर भुशासारखे कण पसरून, सीआरबीने घोळवून, पाकिटावरचा वेळ राहू देऊन व्हॅक्यूम करायचे. लोकरीलाही ते मानवतं. मात्र कंपाउंड आणि एन्कॅप एकाच दिवशी नकोत. लवेत उरलेले कण एन्कॅपने भिजले की पॉलिमरसकट गोळे होऊन बसतात आणि मग नखाने काढावे लागतात.

पूर्ण वाळल्यावर व्हॅक्यूम. हा टप्पा राहिला तर एन्कॅप झालंच नाही असं धरा. मळ ठिसूळ कणांत बंद झालाय, पण अजून गालिच्यातच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि पुढचे आठ-दहा दिवस नेहमीच्या व्हॅक्यूममध्ये तो थोडा-थोडा निघत राहतो. म्हणून चांगल्या एन्कॅपनंतर गालिचा पहिल्या दिवसापेक्षा आठवड्याने बरा दिसतो.

बाटली विकत घेण्याआधी एक परीक्षा करा. वापरायच्या प्रमाणात बनवलेलं द्रावण ५ मिली काचेच्या बशीत घालून २४ तास एसी खोलीत ठेवा, आणि दुसरी बशी बिगर-एसी खोलीत. नखाने खरवडल्यावर कोरडी पापडी सुटली, चुरा झाला, तर माल बरा. बोटाला चिकटला तर विक्रेता काहीही सांगो, तो शॅम्पूच आहे. एसीत ठिसूळ आणि बाहेर चिकट, असं झालं तर तो पॉलिमर दमट हवेत पाणी ओढतो. असं रसायन एसी कायम चालू असलेल्या मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर चालेल, उघड्या लॉबीत किंवा रात्री एसी बंद होणाऱ्या नाट्यगृहात नाही.

रसायनांच्या बाबतीत आणखी एक. कोविडच्या काळापासून बऱ्याच हॉटेलांत गालिच्यावर क्वाटर्नरी जंतुनाशक फवारायची सवय राहून गेली आहे. ते धनभारित, आणि बहुतेक एन्कॅप डिटर्जंट ऋणभारित. दोन्ही भेटले की चिकट साका तयार होतो. कपडे मऊ करणारं सॉफ्टनरही त्याच जातीचं, म्हणून पॅड लाँड्रीत पाठवताना सॉफ्टनर नको असं चिठ्ठीवर लिहा, ब्लीचही नको. जंतुनाशकाची सवय असेल तर पहिल्या धुण्याआधी साध्या पाण्याच्या पॅडची एक फेरी काढा आणि पुढे ती फवारणी गालिच्यापुरती थांबवा.

डाग वाळल्यावर पुन्हा वर आला तर घाबरू नका, तो पाठीतून धाग्यावर चढलेला असतो. ओलसर करा, वर कोरडं जाड पांढरं फडकं, त्यावर वजन, आणि रात्रभर तसंच. भिंतीलगतच्या काळ्या रेघा मात्र या पद्धतीत फारशा सुटत नाहीत. भिंत आणि जमिनीच्या फटीतून हवा झिरपते आणि गालिचा तिच्यातली काजळी गाळतो. ती फट बुजवल्याशिवाय त्या रेघांवर मजुरी घालवण्यात अर्थ नाही. धुण्याआधीच कुबट वास येत असेल तर खालचं अस्तर उचलून बघा. तिथे बुरशी असेल तर वरून काहीही करून उपयोग नाही.

वेळापत्रक असं ठेवता येईल: वाटेचा पट्टा पर्यटन हंगामात पंधरा दिवसांनी, पूर्ण क्षेत्र दोन-तीन महिन्यांनी. पावसाळ्यात पूर्ण क्षेत्र गणेश चवथीपर्यंत ढकलून फक्त दारं आणि पट्टे सांभाळा. कमी पाण्याच्या तीन-चार धुण्यांनंतर एकदा गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्शन लागतंच, कारण मीठ आणि जुने अंश तळातून पूर्ण निघत नाहीत. त्यासाठी हवा तुलनेने कोरडी असते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गर्दी आणि डिसेंबरात नाताळ-नववर्ष असल्याने हॉल रिकामा मिळतो तो जानेवारीच्या उत्तरार्धात. तेव्हाच दोन दिवस राखून ठेवा. आणि मशीनवर खर्च करण्याआधी मुख्य दारात बाहेर खरखरीत आणि आत शोषून घेणारं, असं मिळून किमान चार-पाच मीटर पायपुसणं टाका, रोज झाडा, पावसाळ्यात दिवसाआड बदला. दारातल्या ६० सेंटिमीटरच्या शोभेच्या मॅटने फक्त एकच पाऊल पुसलं जातं.